नाथान येतो का? : ख्रिस्ती घरांसाठी सिनेमाचं परीक्षण लिहिताना

रविवारी उपासना सुटली की नागपुरातल्या सदर भागातल्या चर्चच्या आवारात एक प्रश्न हमखास फिरतो : "तो नवा पिक्चर पोट्ट्यांना दाखवण्यासारखा आहे का?" उत्तरही ठरलेलं. "चांगला आहे, एक-दोन सीन सोडले तर." हे एक-दोन सीन कोणते, कधी येतात, किती वेळ चालतात आणि 'सोडायचे' म्हणजे भरल्या थिएटरात आठ वर्षांच्या पोराचे डोळे हाताने झाकायचे का, हे मात्र कोणी सांगत नाही. चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर, पॅरिशच्या पत्रकात किंवा संडेस्कूलच्या पालकसभेसाठी जो सिनेमावर चार ओळी लिहितो, त्याचं काम इथून सुरू होतं. ही रीत त्याच्यासाठी.

वाचणारं घर कोणतं?

नागपुरात ख्रिस्ती घर एका साच्याचं नाही. सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाचं, मराठी घर आहे, एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) कॅथीड्रलच्या पॅरिशमधलं कॅथलिक घर आहे, रेल्वेच्या नोकरीमुळे इथलेच झालेले तमिळ-तेलुगू लोक आहेत, मल्याळी आहेत, पेंटेकॉस्टल आहेत. पडद्यावर जेवणाच्या टेबलावर वाईनचा पेला दिसला तर एका घरी कोणाचं लक्षही जात नाही, दुसऱ्या घरी तोच मुलांसमोर अवघड विषय होतो. काही घरांत तर थिएटरात जावं की नाही हाच प्रश्न अजून सुटलेला नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात प्रेषित पौल अशाच मंडळीशी बोलतो : एक सगळं खातो, दुसरा फक्त भाजीपाला, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये.

म्हणून परीक्षणाचे दोन भाग पहिल्यापासून वेगळे ठेवा : नोंद आणि मत. पडद्यावर काय दिसलं, ते नोंदीत येतं. पेंटेकॉस्टल मावशी आणि कॅथलिक काका दोघांनीही वाचून "हो, हे असंच आहे" म्हणावं अशी ती हवी. मत तुमचं असतं आणि त्यावर दोघांनी भांडलं तरी चालतं. ख्रिस्ती परीक्षणांची सर्वांत मोठी खोड म्हणजे हे दोन्ही एकाच वाक्यात कोंबणं. 'घाणेरडं गाणं आहे' या वाक्यात नोंद शून्य आणि मत शंभर टक्के.

ही खोड जुनी आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात कॅथलिक संघटनेने सिनेमांना अक्षरांची लेबलं लावायला सुरुवात केली आणि पोप अकरावे पायस यांनी १९३६ मध्ये सिनेमावर स्वतंत्र परिपत्रक काढून अशा याद्यांना पाठबळ दिलं. लेबल पाहून आईबाप हो-नाही ठरवतात, पण का ते त्यांना कळत नाही आणि पुढचा सिनेमा स्वतः पारखायची सवयही लागत नाही. याच्या अगदी उलट टोक म्हणजे फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात १९७४ पासून पारितोषिक देणारं प्रोटेस्टंट-कॅथलिक परीक्षकांचं संयुक्त मंडळ. ते सिनेमा कला म्हणूनही तोलतं. आपल्याला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं आहे, कारण वाचणाऱ्या आईला कान महोत्सवाशी घेणंदेणं नाही. तिला शनिवारपर्यंत उत्तर हवं आहे.

तिकीट काढण्याआधी

प्रमाणपत्र नीट वाचा. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा, पण २०२३ च्या दुरुस्तीने पालकांसाठी कामाचा बदल केला : पूर्वीच्या सरसकट यूएचे तीन तुकडे झाले. यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. यू सगळ्यांसाठी, ए फक्त अठरा पूर्ण झालेल्यांसाठी. ए असेल तर थिएटरवाल्याने लहान मुलाला आत सोडायचंच नाही. यूएचा आकडा मात्र पालकांसाठीची सूचना आहे. यूए १६+ सिनेमाला तुम्ही दहा वर्षांची मुलगी घेऊन गेलात तर दारावर अडवायचं बंधन कोणावर नाही. "आत सोडलं म्हणजे चालत असेल" हा हिशेब इथेच फसतो.

ओटीटीवरचा आकडा वेगळ्या वाटेने येतो. २०२१ च्या आयटी नियमांनुसार तिथे वर्गवारी सेन्सॉर मंडळ करत नाही, कंपनी स्वतः करते. यू/ए १३+ आणि त्यावरच्या सगळ्यासाठी पालकांना कुलूप लावायची सोय देणं कंपनीवर बंधनकारक आहे. परीक्षणाच्या तळाशी हे एका ओळीत आठवणीने टाका, कारण पुष्कळ घरांत मुलं आईच्याच प्रोफाइलवर बघतात आणि कुलूप कधी लावलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट, कोणती आवृत्ती? नागपुरात एकच तेलुगू सिनेमा तेलुगूतही लागतो आणि हिंदीतही. डब केलेल्या आवृत्तीला वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. काटछाट आणि शिव्या दोन्हींत फरक पडू शकतो. इंग्रजी सिनेमात येशूचं नाव शिवीसारखं उच्चारलं जातं, हिंदी डबिंगमध्ये तिथे 'हे भगवान' येतं आणि नोंद करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. उलटही होतं : मूळात साधं चिडणं असतं, डबिंगवाला हशा मिळवायला द्विअर्थी वाक्य घुसवतो. तेव्हा भाषा, आवृत्ती आणि थिएटर की ओटीटी, हे पहिल्याच ओळीत लिहा.

ट्रेलरवर विसंबू नका. त्यात सिनेमातली सगळ्यात मोठी मारामारी आणि सगळ्यात मोठा विनोद असतो. सिनेमाचा कल कुठे आहे ते त्यात नसतं.

अंधारातली वही

पहिल्यांदा एकट्याने जा, शक्यतो शुक्रवारी सकाळच्या खेळाला. मुलांना सोबत घेऊन परीक्षण होत नाही; अर्धं लक्ष पॉपकॉर्नवर आणि अर्धं त्यांच्या चेहऱ्यावर राहतं. मेमधल्या नागपुरात सकाळचा खेळ तसाही शहाणपणाचा. कडेची खुर्ची घ्या.

फोन खिशात ठेवा. त्याच्या उजेडाने शेजारी वैतागतो, शिवाय २०२३ च्याच दुरुस्तीने थिएटरात सिनेमा रेकॉर्ड करणं हा किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंडाचा गुन्हा झाला आहे. उगाच संशय नको. खिशात मावणारी आखीव वही, शिसपेन्सिल आणि अंधारात काटे दिसतील असं घड्याळ, एवढं पुरतं. पेन नको, एसीत अर्ध्या वेळेला उमटत नाही आणि ते घरी आल्यावर कळतं.

पडद्यावर प्रमाणपत्र दिसलं की ते शून्य मिनिट. तिकिटावरची वेळ धरू नका, तिच्यात जाहिराती आणि ट्रेलर असतात. डाव्या अंगठ्याने ओळ धरायची, मोठ्या अक्षरात एका ओळीला एकच नोंद, ओळ संपली की अंगठा खाली. अक्षरखुणा आधी पाठ हव्यात : 'मा' मारामारी, 'र' रक्त, 'शि' शिवी, 'द्वि' द्विअर्थी, 'दा' दारू, 'सि' सिगारेट, 'अं' अंगप्रदर्शन, 'भी' भीती, 'ध' धर्माचा संदर्भ, 'ख्रि' ख्रिस्ती पात्र किंवा चिन्ह, 'टा' म्हणजे थिएटरात टाळ्या-शिट्ट्या. पुढे मिनिटाचा आकडा. '४२ मा र' एवढंच. जास्त लिहायला गेलात की पुढचा प्रसंग निसटतो.

दारू-सिगारेटची नोंद सोपी आहे. तंबाखू दिसला की पडद्याच्या तळाशी इशाऱ्याची ओळ यावीच लागते आणि दारूसाठीही बहुतेक सिनेमांत ती येते. ओळ दिसली, खूण करा. फक्त ती ओळ कोण ओढतोय हे सांगत नाही. खलनायक सिगारेट ओढतो आणि नायक प्रेमभंगानंतर ओढतो, यात मुलांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

'टा' ही खूण बहुतेक परीक्षक करत नाहीत. आमच्या मते तीच सगळ्यांत मोलाची. हॉल कशावर हसला, कोणाच्या मरणावर शिट्टी पडली, कोणत्या वाक्याला टाळी मिळाली, यावरून सिनेमा काय विकतोय ते नेमकं कळतं. घरी एकट्याने ओटीटीवर पाहून लिहिलेल्या परीक्षणात ही गोष्ट कधीच येत नाही.

मध्यंतरात चहाला पळू नका. त्या दहा-पंधरा मिनिटांत खुणांपुढे शब्द भरा. सिनेमा संपल्यावर दुसऱ्या भागाच्या नोंदी पार्किंगमध्येच पूर्ण करा. घरी पोचेपर्यंत निम्मं पुसलं जातं आणि उरलेल्याला कल्पनेची फोडणी पडते.

मोजायचं काय आणि कसं

प्रत्येक बाबीला शून्य ते चार असा तीव्रतेचा आकडा द्या आणि सोबत किती प्रसंग ते लिहा. नुसती संख्या फसवी असते. मारामारीचे बारा प्रसंग सगळे विनोदी असतील तर सात वर्षांचं पोर हसत बाहेर येईल. एकच प्रसंग चारचा असेल तर ते आठवडाभर आईच्या कुशीत झोपेल. हिंसेसाठी पट्टी अशी धरा : शून्य म्हणजे नाहीच; एक म्हणजे कार्टूनसारखी उडवाउडवी; दोन म्हणजे ठोसे-लाथा पण रक्त नाही; तीन म्हणजे रक्त दिसतं, जखम दिसते; चार म्हणजे छळ, अवयव तुटणं, किंवा माणूस तडफडताना कॅमेरा तिथेच थांबणं. आवाज विसरू नका. हातोडा पडताना दाखवला नाही, पण किंकाळी मिनिटभर ऐकू आली, तर तो चारच.

भीतीचा रकाना हिंसेपासून वेगळा ठेवा. लहान मुलाला रक्तापेक्षा आई हरवण्याची भीती मोठी असते, आणि यू प्रमाणपत्राच्या कित्येक कार्टूनपटांत आई नाहीतर बाप सुरुवातीलाच मरतो. ज्या घरात नुकतंच कोणी गेलं आहे, त्या घराला ही एक ओळ बाकीच्या सगळ्या परीक्षणापेक्षा जास्त लागते.

शिव्यांच्या बाबतीत नागपूरकराने जरा स्वतःच्या कानाला सांभाळावं. 'काय बे' आपल्याकडे मैत्रीत चालतं, पुण्याच्या वाचकाला ते उर्मट वाटतं. म्हणून 'शिव्या आहेत' असं न लिहिता कोणत्या जातीच्या ते सांगा : नुसत्या खडबडीत, आईबहिणीवरच्या, की कोणाच्या जातीवर-रंगावर जाणाऱ्या. शब्द छापायची गरज नाही. सेन्सॉरने आवाज बंद केलेल्या शिव्याही मोजा. तेरा वर्षांचा मुलगा ओठांवरून ओळखतो, आणि तळाशी इंग्रजी उपशीर्षकं असतील तर ओठ वाचायचीही गरज नाही.

गाण्यांसाठी वेगळं पान लागतं. सिनेमा अडीच तासांत संपतो, गाणं वर्षभर घरात राहतं आणि डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवीच्या मुली त्यावर नाचतात. चाल बाजूला ठेवून बोल कागदावर उतरवा आणि सपाट आवाजात मोठ्याने वाचा. तुमच्या आईसमोर वाचता आलं नाही तर तसं लिहा.

प्रेमकथांमध्ये चुंबनं मोजणारे पुष्कळ आहेत. त्याआधी हे मोजा : नायिकेने पहिल्यांदा 'नाही' म्हटल्यापासून 'हो' म्हणेपर्यंत नायक कितीदा तिच्या वाटेत उभा राहतो, तिचा फोन नंबर कुठून मिळवतो, मित्र कसे पाळत ठेवतात, आणि या सगळ्याला पार्श्वसंगीत कसलं आहे. एकही अंगप्रदर्शन नसलेला 'स्वच्छ' सिनेमा या रकान्यात नापास होऊ शकतो. तसाच रकाना टिंगलीचा. काळा रंग, तोतरेपणा, जाडेपणा, मोलकरणीची भाषा, यांवर किती विनोद आहेत? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला आहे असं आपण मुलांना शिकवतो. मग शिव्यांची यादी करणाऱ्या परीक्षणात हा रकाना का नसावा?

नाथान येतो का?

इथवर नोंद झाली. आता मत, आणि खरी कसोटी इथेच.

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, स्वतः काही यू प्रमाणपत्राचं पुस्तक नाही. २ शमुवेलच्या ११ व्या अध्यायात दावीद राजा गच्चीवरून बथशेबाला पाहतो, तिला बोलावून घेतो, ती गरोदर राहते तेव्हा तिच्या नवऱ्याला, उरीयाला, ऐन लढाईत पुढे धाडून मारवतो. वासना, विश्वासघात, खून, सत्तेचा गैरवापर, सगळं एका अध्यायात. पण पुढे १२ वा अध्याय आहे. नाथान संदेष्टा येतो, गरिबाच्या एका मेंढरीची गोष्ट सांगतो, राजा संतापतो आणि नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच.

सिनेमाला हाच प्रश्न विचारा : यात नाथान येतो का? पाप दाखवलं की नाही हा पहिला प्रश्न धरला तर अर्धं शास्त्रच बाद होईल. दाखवलेल्या पापाला सिनेमा नाव देतो का, त्याची किंमत कोण मोजतो, आणि ती किंमत आपल्याला जाणवते का, हे पाहायचं. नाथान पात्र म्हणूनच यायला हवा असं नाही. तो आईच्या एका नजरेतून येईल, शेवटच्या शांततेतून येईल, नायकाच्या हातून निसटलेल्या घासातून येईल. खोटा नाथानही असतो : अडीच तास दारू, पैसा, बायका यांचा झगमगाट दाखवून शेवटच्या पाच मिनिटांत नायक सुधारतो. अशा वेळी वहीतल्या 'टा' खुणा बघा. टाळ्या झगमगाटाला पडल्या असतील तर शेवटचा उपदेश फक्त पावती आहे.

सूडपटांत ही कसोटी फार कामाला येते. आपल्या लोकप्रिय सिनेमाचा मोठा हिस्सा सूडावर उभा आहे : बहिणीवर अत्याचार, बापाचा खून, मग तिथून शेवटपर्यंत हिशेब. अन्याय खरा असतो आणि त्यावरचा संतापही खरा. तो संताप परीक्षणात चुकीचा ठरवू नका, बायबलमधल्या स्तोत्रांतही तो भरपूर आहे. प्रश्न पुढचा असतो. खलनायकाला न्यायालयात नेण्याची शक्यता सिनेमा उघडी ठेवतो की हास्यास्पद करतो? माफी मागणाऱ्याला मारलं जातं का? पोलिसाने गोळी घातली की संगीत जल्लोषाचं वाजतं का? क्षमा करणारं पात्र दुबळं दाखवलंय की भक्कम? या चार प्रश्नांची उत्तरं प्रसंगाचा आधार देऊन लिहा. 'सूडाचं उदात्तीकरण आहे' एवढं लिहून थांबलात तर वाचणारी आई विचारेल, म्हणजे काय?

पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस

हा रकाना आपल्याशिवाय दुसरं कोणी भरणार नाही, म्हणून थोडं रेंगाळून भरा. जुन्या हिंदी सिनेमात ख्रिस्ती पुरुष म्हणजे बहुधा बाटली घेतलेला, मोडकं हिंदी बोलणारा, आणि ख्रिस्ती मुलगी म्हणजे क्लबात नाचणारी किंवा खलनायकाची सेक्रेटरी. हा साचा पुसट झाला, गेला नाही. पात्राचं नाव, धंदा, भाषा, त्याला घर आहे का, शेवटी त्याचं काय होतं, एवढं लिहा. मराठी बोलणारा ख्रिस्ती माणूस पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. फादर किंवा सिस्टर दिसली तर ती फक्त 'माय सन' म्हणण्यापुरती आहे की तिला काही काम आहे? पापनिवेदन, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करणं, दाखवलं असेल तर बारकावे तपासा. कॅथलिक संस्कार आणि प्रोटेस्टंट पाळक यांची खिचडी सिनेमावाले सर्रास करतात. चूक दाखवताना चिडू नका, एका वाक्यात दुरुस्त करा.

भुताच्या सिनेमांत क्रूस ताईतासारखा वापरतात : समोर धरला की भूत पळालं. संडेस्कूलच्या मुलांना हे पटकन खरं वाटतं. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये येशूचं नाव मंत्रासारखं वापरून भूत काढू पाहणाऱ्या सात भावांची काय फजिती होते, तो उतारा परीक्षणाखाली दिलात तर पालकांना बोलायला धागा मिळतो.

दुसऱ्या धर्मांबद्दल लिहिताना नोंद आणि मत यांतलं अंतर जास्तच पाळा. मराठी सिनेमात आरती, वारी, जागरण-गोंधळ येणारच. ते आपल्या शेजाऱ्यांचं आयुष्य आहे. 'चार प्रसंगांत पूजा आहे, कथेला नवसाचा धागा आहे' एवढं पुरे, आपल्या मुलांना काय समजावायचं ते घर ठरवेल. पौल अथेन्समध्ये फिरला तेव्हा त्याने तिथल्या वेद्या निरखून पाहिल्या आणि त्यांच्याच कवींचा आधार घेऊन बोलला, हे प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये आहे. हेटाळणीचा शब्द गटातून बाहेर जायला एक बोट पुरतं, आणि धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याचं कलम भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहेच. पण कलमाच्या भीतीने नको, शेजाऱ्यासाठी जपून लिहा.

बायबलवरचा सिनेमा असेल तर

इथे परीक्षक सगळ्यांत ढिला पडतो. विषय पवित्र, म्हणून सिनेमा चांगला! विषयाचं मोल वेगळं आणि सिनेमाचं वेगळं. (आपल्या सिनेमाचा उगम इथेही आहे, हे जाता जाता : दादासाहेब फाळक्यांना १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहून आपल्या देवांचे सिनेमे करायचं सुचलं आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.) १९७८ चा तेलुगू 'करुणामयुडू' हिंदीत 'दयासागर' होऊन गावोगाव दाखवला गेला, पुष्कळ जणांच्या डोळ्यांसमोर येशूचा चेहरा म्हणून अजून तोच येतो. चित्राची ताकद एवढी असते, म्हणून तपासणी कडक हवी.

पान तीन रकान्यांत आखा : शास्त्रात आहे, शास्त्र गप्प आहे तिथे भरलं, शास्त्राच्या विरुद्ध. दुसऱ्या रकान्याला घाबरू नका, संवाद भरल्याशिवाय सिनेमा होतच नाही. पण परंपरेने आलेल्या गोष्टी मुलं शास्त्रातल्या समजतात. बाळ येशूला पाहायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची संख्या मत्तय सांगत नाही, तीन हा आकडा त्यांनी आणलेल्या तीन भेटवस्तूंवरून आला. एदेनातलं फळ सफरचंद होतं असं उत्पत्तीत नाही. मग्दालीया मरीयेला शुभवर्तमानांत कुठेही वेश्या म्हटलेलं नाही. लूक ८ मध्ये तिच्यातून सात भुतं निघाली एवढंच आहे. रुमालाने येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका क्रूसाच्या वाटेच्या भक्तीतून येते. कॅथलिक घराला ती प्रिय आहे, तेव्हा 'चूक' न लिहिता 'परंपरेतून' लिहा.

कागदावर उतरवताना

साडेतीनशे शब्दांच्या वर जाऊ नका. मोबाइलवर त्यापुढे कोणी वाचत नाही. पहिल्या ओळीत नाव, भाषा, आवृत्ती, लांबी, प्रमाणपत्र. मग तीन वाक्यांत कथा, तीही मध्यंतरापर्यंतचीच. त्यानंतर नोंदी. मग नाथानबद्दल एक परिच्छेद, ख्रिस्ती पात्रं असतील तर दोन वाक्यं, अभिनय-छायाचित्रण-संगीत यांवर दोन-तीन वाक्यं. कलेला फाटा देऊ नका. रटाळ सिनेमा सज्जन असला तरी रटाळच. शेवटी सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या मुलांसाठी एकेक ओळ.

समजा, भावाच्या खुनाचा माग काढणाऱ्या पोलिसाचा एक सिनेमा आहे. नेहमीचं परीक्षण असं येतं : 'खूप हिंसा आणि अश्लीलता. ख्रिस्ती कुटुंबांनी टाळावा.' त्याऐवजी हे पाहा :

'मारामारीचे सहा प्रसंग, तीव्रता बहुतेक दोन. एक चारचा आहे. मध्यंतरानंतर साधारण वीस मिनिटांनी, पाऊस सुरू होतो तिथे, गोदामात एकाला खुर्चीला बांधून मारतात. प्रसंग तीन मिनिटं चालतो. शिव्या खडबडीत, दोनदा आईवरून, दोन्हींचा आवाज बंद. एक गाणं बारमधलं, कॅमेरा नाचणारीच्या चेहऱ्यापेक्षा कमरेवर जास्त. पोलिसाची आई शेवटी बंदूक पाहते आणि जेवणाचं ताट उचलून आत जाते. नाथान आलाच तर तिथे येतो, पण पुढच्याच मिनिटाला जल्लोषाचं संगीत त्याला बुडवतं. सात वर्षं : नको. तेरा : नको, गोदामामुळे. सोळा : आईबापांसोबत, ताटाच्या प्रसंगावर बोलायची तयारी असेल तर.'

प्रसंगाची खूण मिनिटाबरोबर दृश्यानेही द्या, जसं वर 'पाऊस सुरू होतो तिथे'. ओटीटीवर मध्यंतर नसतं आणि आवृत्ती छोटी-मोठी झालेली असू शकते. मिनिटाच्या भरवशावर रिमोट हातात घेऊन बसलेला बाप नेमका नको तिथे पोचतो.

पाठवण्याआधी दुसऱ्या कोणीतरी पाहिलेला असला पाहिजे, शक्यतो वेगळ्या वयाच्या आणि वेगळ्या मंडळीच्या माणसाने. तरुण संघातला कोणी असेल तर उत्तम, कारण मोठ्यांना न कळलेले द्विअर्थी शब्द त्याला कळतात. दोघांच्या आकड्यांत एकाचा फरक असेल तर मोठा आकडा घ्या. दोनचा पडला तर दोन्ही आकडे छापा आणि का ते लिहा. पाळकसाहेबांना किंवा फादरना मंजुरीसाठी पाठवायची प्रथा पाडू नका. तसं झालं की परीक्षणाचा फतवा होतो आणि उद्या कोणाच्या घरी वाद झाला तर तो त्यांच्या दारात जातो.

वेळ महत्त्वाची. सिनेमा शुक्रवारी लागतो, कुटुंबं रविवारी उपासनेनंतर जातात. शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत परीक्षण गेलं पाहिजे; सोमवारचं परीक्षण कितीही चांगलं असलं तरी ते तिकीट काढून झालेल्या माणसाला मिळतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस सिनेमा न पाहणारी घरं आहेत, त्या दिवसांतल्या परीक्षणाखाली ओटीटीवर येण्याची जाहीर झालेली तारीख असेल तर द्या.

मुलांशी बोलायचे प्रश्नही सोबत पाठवा, तीनच. सात वर्षांच्याला : सगळ्यांत जास्त भीती कधी वाटली? तेराच्याला : यात कोणी कोणाची माफी मागायला हवी होती आणि मागितली नाही? सोळाच्याला : सिनेमाने तुला कोणाच्या मरणावर टाळ्या वाजवायला लावल्या? हे प्रश्न सीताबर्डीच्या थिएटरातून परतताना गाडीवर विचारायचे नसतात, वाऱ्यात काही ऐकू येत नाही आणि मूल अजून पडद्यावरच असतं. दुसऱ्या दिवशी जेवताना किंवा कुटुंबप्रार्थनेनंतर विचारा, आणि उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

वही जपून ठेवा. सिनेमा दोन-तीन महिन्यांनी ओटीटीवर येईल तेव्हा तीच पानं घेऊन पुन्हा एकदा पळवत पाहा. कापलेला प्रसंग परत आला असेल, गाण्याची लांबी बदलली असेल, बंद केलेला आवाज सुरू झाला असेल. फरक दिसला की जुन्याच परीक्षणाखाली तारीख घालून दुरुस्ती टाका, आणि त्याच गटात टाका.